प्रतीची मालकी (नांदेड–लातूर परिसर)

प्रतीची मालकी : ग्रंथ, ध्वनिफीत, चित्रफीत किंवा डिजिटल फाइल यांची प्रत वाचकाच्या, श्रोत्याच्या वा ग्रंथालयाच्या ताब्यात कायम असणे, आणि ती जपण्याचा, उसनी देण्याचा, विकण्याचा व वारसांसाठी ठेवण्याचा हक्क त्याच्याकडे असणे. स्ट्रीमिंगच्या वर्गणीत आणि नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप लावलेल्या ई-पुस्तकात पैसे मोजूनही हा हक्क मिळत नाही. मिळतो तो वापराचा परवाना, आणि देणाऱ्याच्या मर्जीने तो परतही घेतला जातो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या अंगाने हा विषय पाहिला, तर साहित्य आणि गाणे टिकते ते प्रती अनेकांच्या हाती असल्यामुळे व त्या हातांना नक्कल करण्याची मोकळीक असल्यामुळे, असे दिसते. प्रत कागदाची की इलेक्ट्रॉनिक, हा त्यानंतरचा प्रश्न.

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. या पंथाचा आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केला. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि हिराइसेसारख्या अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, असे पंथाची परंपरा सांगते. त्यानंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. हेतू रक्षणाचा होता आणि तो सफलही झाला, कारण मठामठांतून पोथ्यांच्या नकला होत राहिल्या. किंमत मात्र मराठीने मोजली. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला आपल्याच भाषेतले हे गद्य बंद राहिले. एकाच उदाहरणात दोन्ही गोष्टी आहेत : अनेक प्रतींनी ग्रंथ वाचवला, कुलपाने वाचक तोडला. तरीही त्या मठांत पोथी आणि लिपीची किल्ली दोन्ही शिष्याच्या हाती होत्या. आजच्या ग्राहकाच्या हाती दोन्ही नसतात.

कॅसेटच्या काळात उलट घडले. १९८०च्या दशकात टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली आणि प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, भीमगीते, बाबामहाराज सातारकरांची कीर्तने खेड्यापाड्यांत पोहोचली. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन लहान कान असत. ते मोडले की त्या फितीवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे; मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा होई. म्हणजे कुलूप होते, पण लावायचे की काढायचे हे मालक ठरवी. त्यामुळेच गावच्या सप्ताहातले कीर्तन, आंबेडकर जयंतीचा जलसा, भजनी मंडळाची बारी अशी कोणत्याही कंपनीने कधीच न काढलेली ध्वनिमुद्रणे घरोघरी जमली. ती कोणत्याही ॲपच्या यादीत सापडणार नाहीत. मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासाचे हे साधन आज ट्रंकांमध्ये बुरशी धरत पडले आहे, आणि त्याची सर्वांत आधी दखल घ्यायला हवी.

परवान्याचा अनुभव वेगळा आहे. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. ३१ जानेवारी २०२४ रोजी रेसो ही संगीतसेवा भारतातून उठली. अशा पावलांची सोय बहुधा करारातच असते.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. महिन्याच्या थोड्या पैशांत लातूर जिल्ह्यातील औसा किंवा नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या विद्यार्थ्याला जेवढे संगीत आणि सिनेमे मिळतात, तेवढे विकत घेणे त्याला कधीच जमले नसते. स्ट्रीमिंग सोडावे, असे म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. परंतु ऐकायला मिळणे आणि जपले जाणे ही दोन कामे आहेत, आणि वर्गणी दुसऱ्या कामाचे पैसे घेत नाही. दुसरा आक्षेप असा की वस्तूही नाश पावतात. ३० सप्टेंबर १९९३च्या, लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, तेव्हा माणसांबरोबर घरातले कागदही गाडले गेले. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आगीत जुनी नायट्रेट फिल्म जळाली. हे खरे आहे, पण त्यातून निघतो तो अनेक ठिकाणी प्रती ठेवण्याचा धडा. सगळे एका कंपनीच्या सर्व्हरवर सोपवण्याचा नव्हे. मोकळी डिजिटल प्रत इथे उत्तम सोबती ठरते. मराठी विश्वकोश आंतरजालावर खुला झाला, त्याने छापील खंडांचे काहीच बिघडले नाही. चाचेगिरीच्या भीतीने कुलूप लागते, हा तिसरा आक्षेप. लेखक-कलावंतांचा मोबदला बुडू नये, हे मान्यच. पण पुस्तक शेजाऱ्याला वाचायला देणारा माणूस चोर नसतो, आणि कुलूप दोघांना एकाच मापाने मोजते.

चोरी आणि जपणूक यांतला भेद कायद्याने काही अंशी ओळखला आहे. १९५७च्या प्रताधिकार कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतची कैद सांगितली. त्याच दुरुस्तीने नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी ग्रंथाची इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवण्याची मुभा दिली. अट इतकीच की त्याच्याकडे त्या ग्रंथाची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे. जतनाचा हा हक्क मालकीतून येतो. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले नरहर कुरुंदकर १९८२मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांच्या नियमाने त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०४३ रोजी प्रताधिकारमुक्त होईल. तोवर त्यांच्या जुन्या आवृत्त्यांचे जतन करण्याचा कायदेशीर मार्ग ज्या ग्रंथालयांच्या दाखल नोंदवहीत त्या प्रती आहेत, त्यांच्यापाशी आहे. दोन्ही जिल्ह्यांतील ग्रंथालयांनी अशा प्रती जीर्ण म्हणून रद्दीत काढू नयेत; आधी त्या स्कॅन कराव्यात, आणि मग कागदही ठेवावा.