मोजलेल्या जखमा : शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाची नोंदवही

१/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भुलीच्या शोधामुळे शस्त्रक्रियेतील वेदना संपली. मृत्यू मात्र संपला नाही. पाय कापण्याची क्रिया निर्विघ्न पार पडे आणि काही दिवसांत जखम चिघळून रुग्ण दगावे. असे किती दगावतात? त्या हिशेबाचा हा थ्रेड.

२/ एडिंबरो, १८६९. क्लोरोफॉर्मचा वापर रूढ करणारे जेम्स यंग सिम्पसन यांनी गावोगावच्या डॉक्टरांकडून आकडे मागवले. मोठ्या रुग्णालयांतील २,०८९ अवयवच्छेदांत ८५५ मृत्यू; ग्रामीण डॉक्टरांकडील २,०९८ मध्ये २२६. म्हणजे शेकडा ४१ विरुद्ध ११.

३/ रुग्णालयच रुग्णाला मारते, असा सिम्पसन यांचा निष्कर्ष होता. विरोधकांचा आक्षेपही रास्त होता : रुग्णालयात अधिक गंभीर रुग्ण येतात, आणि स्वतःचे अपयश किती डॉक्टर प्रामाणिकपणे कळवतील?

४/ त्याच सुमारास ग्लासगोत जोसेफ लिस्टर कार्बोलिक आम्ल वापरू लागले होते. त्यापूर्वी १८६४ व १८६६ मध्ये ३५ अवयवच्छेदांत १६ मृत्यू; १८६७ ते १८६९ मध्ये ४० पैकी ६. मधले १८६५ साल गाळावे लागले, कारण त्या वर्षाच्या नोंदीच अपुऱ्या होत्या.

५/ मात्र हे दोघेही मृत्यूच मोजत होते. महिनोन्महिने जखम वाहत राहिलेला, पण जगलेला रुग्ण या हिशेबात कुठेच नव्हता.

६/ ती उणीव कॅनडातील कॅलगरी येथे पीटर क्रूस व रोझमेरी फोर्ड यांनी भरून काढली. दहा वर्षांत ६२,९३९ जखमा पाहिल्या गेल्या. प्रत्येकीचा २८ दिवस पाठपुरावा झाला. हे काम मुख्यतः एका परिचारिकेच्या नजरेवर चालले. शल्यविशारदांना त्यांचे आकडे दाखवले जाऊ लागले आणि संसर्ग घटला.

७/ गरीब देशांतील रुग्णालयांसाठी ही पद्धत मोलाची ठरली. जंतुपरीक्षेची प्रयोगशाळा नसली तरी जखमेतून वाहणारा पू डोळ्यांना दिसतो; रूढ व्याख्येनुसार तेवढी खूणही संसर्ग नोंदवण्यास पुरेशी असते.

८/ खरी अडचण वेगळी होती. रुग्ण काही दिवसांत घरी जातो आणि अनेकदा जखम त्यानंतर चिघळते. म्हणून ३० दिवसांचा पाठपुरावा आवश्यक. पुन्हा येण्याचे भाडे ज्याला परवडत नाही, त्याची खबर केनियातील थिका रुग्णालयाने दूरध्वनीवरून घेऊन पाहिली.

९/ पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने केनिया, युगांडा, झांबिया व झिंबाब्वे येथील पाच रुग्णालयांत नोंदींसोबत साधे उपाय योजले गेले : शस्त्रक्रियेपूर्वी स्नान, केस न काढणे, प्रतिजैविक योग्य वेळी देणे. संसर्गाचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले.

१०/ २०१८ मध्ये संघटनेने अल्प साधनांच्या रुग्णालयांसाठी नोंदींची स्वतंत्र कार्यपद्धती प्रसिद्ध केली. १८६५ सालाची ग्लासगोतील रिकामी जागा आजही अनेक रुग्णालयांच्या नोंदवहीत आहे. ती भरण्यास एक परिचारिका, एक तक्ता आणि एक दूरध्वनी लागतो.