उन्हाळा, ओझें आणि तेल

एरंडेल म्हटलें कीं मराठी कुटुंबांतील जुन्या पिढीला चहांत मिसळून, नाक दाबून घ्यावा लागणारा तो उपचार आठवतो. याच एरंडेलानें एके काळीं हिंदुस्थानांतील आगगाड्यांना वंगण पुरविलें, आणि पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानें त्याच्याच आधारावर उडत असत, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. भर वैशाखांत मोटारीमागें ट्रेलर जोडून घाट चढावयाचा असेल, तर एंजिनांत कोणत्या दाटपणाचें तेल घालावें, हा प्रश्न आजचा वाटतो खरा. परंतु त्याचें मूळ या एरंडेलापर्यंत जाऊन पोंचतें.

वाफेच्या एंजिनांच्या आरंभींच्या काळांत विलायतेंत जनावरांची चरबी, रेप बियांचें तेल, व्हेल माशाचें तेल अशीं वंगणें वापरीत. हिंदुस्थानच्या उष्ण हवेंत एरंडेल विशेष उपयोगी पडलें, कारण तें तापलें तरी धातूला चिकटून रहातें. इ. स. १८६३ च्या एप्रिल महिन्यांत बोरघाटांतून रेल्वे सुरू झाली. तेथें चढ कोठें कोठें सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र. ओझें मोठें, वेग मंद आणि माथ्यावर ऊन, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे वंगणाची खरी परीक्षा होते. ती कां होते, हें मात्र त्या वेळीं कोणासच नीट ठाऊक नव्हतें.

त्याचा उलगडा वीस वर्षांनीं, आणि तोही जवळजवळ योगायोगानें झाला. लंडनच्या यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेनें बोशँप टॉवर या अभियंत्याकडे घर्षणाचे प्रयोग सोंपविले होते. फिरणारा आंस खालच्या बाजूनें तेलांत बुडालेला आणि वरून पितळी बेअरिंगनें झांकलेला, अशी त्याची मांडणी होती. १८८३ च्या सुमारास त्यानें तेल सोडण्यासाठीं बेअरिंगच्या माथ्यावर एक भोंक पाडलें. यंत्र सुरू होतांच तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून वर येऊन वाहूं लागलें. टॉवरनें बूच मारलें, तें वर ढकललें गेलें. लांकडी खुंटी ठोकली, तीहि निघाली. अखेर त्यानें तेथें दाबमापक बसविला, तेव्हां तेलाचा दाब चौरस इंचास दोनशें पौंडांच्या वर गेला. बेअरिंगवरचें सरासरी ओझें मात्र शंभर पौंडांचेंच होतें! म्हणजे आंस धातूवर टेकलाच नव्हता. तो तेलाच्या पातळशा थरावर तरंगत होता.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यानें १८८६ सालीं याचें गणित मांडलें. फिरणारा आंस आपल्याबरोबर तेल ओढीत नेतो, तें निमुळत्या फटींत पाचरीसारखें शिरतें आणि ओझें उचलून धरतें. तेल जितकें दाट आणि फिरण्याचा वेग जितका अधिक, तितका थर जाड. ओझें वाढलें कीं थर बारीक. घाटांतील तिन्ही शत्रूंचा हिशेब येथें लागतो. वेग मंदावला म्हणजे पाचर दुबळी होते, ओझें ती दाबून टाकतें, आणि उष्णता तेलाचा दाटपणाच हिरावून घेते. रेनॉल्ड्सनें ऑलिव्ह तेलावर मोजून दाखविलें कीं तपमान वाढेल तसा हा दाटपणा सरळ प्रमाणांत नव्हे, तर त्याहून फार झपाट्यानें घटतो.

इकडे पेनसिल्व्हेनियांत १८५९ सालीं ड्रेकची विहीर लागल्यापासून खनिज तेल स्वस्त झालें होतें आणि एरंडेल मागें पडूं लागलें होतें. विमानांनीं त्याला पुन्हा दिवस आणले. फ्रान्समधील सेगँ बंधूंच्या नोम एंजिनांत पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण एंजिनाच्या पोटांतूनच जाई. खनिज तेल पेट्रोलांत विरघळून गेलें असतें, एरंडेल तसें सहजीं विरघळत नसे. जळलेल्या एरंडेलाचा फवारा वैमानिकाच्या नाकातोंडांत जाई, आणि त्याचे परिणाम बालपणींच्या त्या चहासारखेच होत, असें सांगतात. तथापि एरंडेल जुनें झालें कीं राळेसारखें चिकट होतें. मोटारीच्या एंजिनांत तें टिकण्याजोगें नव्हतें.

मग प्रश्न असा उभा राहिला कीं ज्या तेलाचा दाटपणा प्रत्येक विहिरीगणिक निराळा, तें तेल दुकानांत मागावें तरी कोणत्या नांवानें? अमेरिकेच्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें १९११ मध्यें दाटपणाचें पहिलें वर्गीकरण केलें. तीस, चाळीस, पन्नास हे आंकडे त्या संस्थेच्या परिभाषेंतले. आंकडा मोठा तितकें तेल दाट. हिंवाळी तेलासाठीं ‘डब्ल्यू’ हें अक्षर पुढें जोडलें गेलें. १९२९ सालीं डीन आणि डेव्हिस यांनीं श्यानता-निर्देशांक सुचविला : उष्णतेनें कमी पातळ होणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या तेलास शंभर गुण, मेक्सिकोच्या आखातालगतच्या तेलास शून्य. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलांत लांब साखळीचे बहुवारिक पदार्थ मिसळून थंडींत पातळ आणि उष्णतेंत त्या मानानें दाट, असें ‘१५ डब्ल्यू-४०’ सारखें दुहेरी आंकड्याचें तेल सर्वत्र रूढ झालें. या साखळ्या बेअरिंगमधील कातरीसारख्या ताणांत तात्पुरत्या आडव्या होतात आणि कालांतरानें तुटतातही. म्हणून १५० अंश सेल्सिअसला, जोराच्या ताणाखालीं दाटपणा किती उरतो, याचीही मोजणी आतां करतात. तीस आंकड्याच्या तेलास तेथें निदान २·९ मिलिपास्कल-सेकंद, तर १५ डब्ल्यू-४० ला ३·७ टिकवावे लागतात.

अमेरिकेंत १९७५ सालीं इंधनबचतीचा कायदा आला आणि पुढील दशकांत मोटार-कारखान्यांचा कल पातळ तेलांकडे वळला, कारण पातळ तेल ढवळण्यांत शक्ति कमी खर्च होते. मौज अशी कीं एकाच एंजिनाच्या अमेरिकन पुस्तिकेंत एकच पातळ तेल सांगितलेलें असतें, आणि उष्ण देशांसाठीं छापलेल्या पुस्तिकेंत दाट तेलांचा तक्ता! कांहीं पुस्तिकांत तर बारीक टाइपांत, फार ओझें किंवा फार वेग असेल तर अधिक दाट तेल बरें, अशी कबुलीही सांपडते. ट्रेलर ओढणाऱ्यानें तो बारीक टाइप आधीं वाचावा. मात्र दाट तेल म्हणजे अधिक सुरक्षित तेल, ही समजूत भाबडी होय. फाजील दाट तेल सकाळच्या पहिल्या क्षणीं वरच्या भागांत उशीरां पोंचतें, आणि स्वतःच्या घर्षणानें स्वतःच तापतें. पुस्तिकेंत अनुज्ञात तक्ता असेल तर त्याच्या वरच्या टोकाचें तेल घेणें, पातळी पूर्ण ठेवणें, तेल लौकर बदलणें आणि तेल थंड करणारा छोटा रेडिएटर बसविणें, एवढ्यावरच बहुतेकांचें भागतें.

चाळीस आंकड्याचें तेल तीस आंकड्याच्या तेलापेक्षां फारच दाट असतें असें नाहीं. १०० अंशांवर तीसचें तेल जितकें दाट, तितकें चाळीसचें तेल आणखी दहा-बारा अंश तापल्यावर होतें. एंजिनाच्या तळांतील तेल सपाट रस्त्यावर शंभर अंशांच्या आसपास असतें. ओझें घेऊन, मंद गतीनें, मागून वाहणाऱ्या गरम वाऱ्यांत घाट चढतांना तें एकशेंवीस-तीसपर्यंत सहज जातें. एक आंकडा चढविल्यानें त्यांतले दहा-बारा अंश भरून निघतात; उरलेले अंश गाडी सांवलींत उभी करून, एंजिन मंद चालूं ठेवून, चालकानेंच उतरवावयाचे असतात.