काउंट चढले त्या रात्री

जानेवारी 1986, लखनौ. धुकं इतकं दाट, की चौकाकडून येताना मेडिकल कॉलेजचे घुमट तुम्हाला फाटकाशी आल्यावरच दिसतात. वॉर्डात तुमचा चुलतभाऊ आहे. पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने 1926 मध्ये सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयात तो गाणं शिकायला आला होता. आता ल्युकेमियाची केमो घेऊन पडलाय.

गेले दोन आठवडे रक्तात पांढऱ्या पेशी नावालाच होत्या. ताप उतरेना, पण छातीचा फोटो जवळजवळ स्वच्छ. तुम्हाला ठाऊक आहे, हा स्वच्छपणा फसवा असतो. फुप्फुसात बुरशी शिरली तरी तिच्याशी लढायला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी नाहीत. लढाई नाही म्हणून सूज नाही आणि फोटोत डागही नाही.

आज पांढऱ्या पेशींचे काउंट 300 वरून 1,100 वर गेले. काकू तुमचा हात धरतात. "सुटलो रे बाबा!" निवासी डॉक्टर म्हणतो, "मुबारक हो." तुमच्या मात्र पोटात गोळा येतो.

रात्री दोनला भाऊ धापा टाकू लागतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे नाही, म्हणून तुम्ही त्याची नखं दिव्याखाली धरता. निळसर. परतलेल्या पेशी थेट फुप्फुसातल्या बुरशीवर तुटून पडल्यात. त्यांच्या विकरांनी केशवाहिन्या पाझरू लागतात, वायुकोशांत पाणी भरतं. ज्या पेशींची सगळे वाट पाहत होते, त्याच आता श्वास कोंडताहेत. काकूंना हे कसं सांगायचं? तुम्ही सांगत नाही. त्याला उशांना टेकवून बसवता आणि ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणता.

पॅरिसचे डॉक्टर पेशी परतताना फुप्फुसाची इजा कशी बळावते हे 2002 मध्ये मांडतील. पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम 1991 मध्ये येईल, आणि श्वास बिघडला तर ते थांबवावं का, हा प्रश्नही त्याच्यासोबत. पण एक कागद आजही हाताशी आहे. फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी 1985 मध्येच लिहिलंय, की अस्थिमज्जा सावरताना बुरशीच्या गाठी पोकळ होतात आणि मोठा रक्तस्राव होऊ शकतो. तुम्ही तो डॉक्टरच्या हातात ठेवता. तो उभ्याउभ्याच वाचतो आणि पुन्हा फोटो काढायला सांगतो.

तीन दिवसांनी भावाच्या थुंकीत रक्ताची रेघ दिसते. नवा फोटो उजेडावर धरला, तर उजव्या फुप्फुसातल्या गाठीभोवती हवेची काळी कोर. डॉक्टर घाबरलेला आहे, पण गडबडत नाही. डाग मोठा झाला म्हणून औषध हरलं असं नाही, हे त्याला पटलंय. हुडहुडी भरवणारं बुरशीविरोधी अँफोटेरिसिन तो चालूच ठेवतो, रक्ताच्या बाटल्यांची सोय करतो, सर्जनला निरोप धाडतो.

"काउंट तो ठीक हैं ना?" काकू विचारतात.

"काउंट ठीक हैं, माँजी," तो म्हणतो. "अब मैं साँस गिन रहा हूँ."