साडेतीन महिन्यांची खुर्ची


इतिहासात जिंकलेल्यांना पानं मिळतात, हुतात्म्यांना पुतळे. मधल्या काळापुरत्या बसवलेल्यांना काहीच नाही. पण आपल्याला शिकायचंय ते त्यांच्याकडूनच.

१९३५ च्या कायद्यानं इंग्रजांनी प्रांतांना कारभार दिला. दिला म्हणजे दोरी स्वतःच्या हातात ठेवून दिला. मंत्र्यांचा सल्ला बाजूला सारायचे खास अधिकार गव्हर्नरकडे. फेब्रुवारी १९३७ मध्ये निवडणुका झाल्या. मतही सगळ्यांना नव्हतं. जमीन, कर, शिक्षण बघून. तरी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं, ज्याला अजून वर्षही झालं नव्हतं, १७ उमेदवार उभे केले आणि बहुतेक निवडून आणले. मुंबई विधानसभेच्या जागा १७५. काँग्रेसला ८६. सर्वांत मोठा पक्ष, पण बहुमताला दोन कमी.

काँग्रेस म्हणाली, गव्हर्नर खास अधिकार वापरणार नाही असं वचन द्या, मगच मंत्री होऊ. वचन मिळेना. तेव्हा १ एप्रिल १९३७ ला साताऱ्याचे सर धनजीशा कूपर पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला हेच म्हणत. सोबत जमनादास मेहता आणि आणखी मोजके मंत्री. पाठीशी बहुमत नाही. सभागृह भरलं की सरकार पडणार हे उघड होतं. मग काय केलं? सभागृहच भरवलं नाही! नवी सभा सहा महिन्यांच्या आत बोलवा, एवढंच कायदा सांगत होता. तेवढी मुदत पुरेशी होती.

आणि आपली माणसं? निवडून आलेली, पण तोंड उघडायला जागा नाही. दार बंद.

जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोनं समजुतीचं निवेदन काढलं, जुलैत काँग्रेसनं वर्ध्याला सत्ता घ्यायचं ठरवलं. १९ जुलैला बाळासाहेब खेर आले. कूपर गेले. रडलं कोण? कुणीच नाही.

आता दार उघडलं. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करायचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी कौन्सिलवर चालून आले. बिल काही पास झालं नाही. उलट त्याच वर्षी संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलह बिल आलं. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला कामगारांनी संप केला. तरी कायदा झालाच. मी गिरणीत राबतो, म्हणून ही तारीख मला पाठ आहे.

म्हणजे अल्पमताच्या सरकारनं आपल्याला बोलू दिलं नाही, आणि मोठ्या पक्षाच्या सरकारनं बोलू देऊन हरवलं. पण दुसऱ्यात निदान आपला आवाज कागदावर चढला आणि रस्त्यावर उतरला.

उद्या तुम्हालाही कुणी खुर्ची देऊ करील. मोह होईल, माणूसच आहोत. बसायच्या आधी दोनच गोष्टी विचारा : पाठीशी माणसं किती? आणि सभा कधी भरणार?

जयभीम.