लसीची सक्ती करता येते का? कायदा काय सांगतो

पाथर्डी : लस नाही तर रेशन नाही, असं म्हणता येतं का? शेजारच्या औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये तसा आदेश निघाला होता. कोरोना लसीचा एकही डोस न घेतलेल्यांना रेशन, गॅस, पेट्रोल देऊ नये, असं त्यात होतं.

डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी निकाल दिला. संविधानाच्या कलम २१ प्रमाणे कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येत नाही. हे सगळ्यांना पाठ आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. सरकारचं लसीकरण धोरण न्यायालयाने चुकीचं ठरवलं नाही. साथ रोखायला निर्बंध घालता येतात, फक्त ते प्रमाणात हवेत. शिवाय लसीनंतर झालेल्या त्रासाची माहिती लोकांपुढे ठेवा, असंही बजावलं.

पाथर्डी तालुक्यात अडचण वेगळीच. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. नेमक्या त्याच वेळी ऊसतोड कुटुंबाचं बिऱ्हाड कारखान्यावर असतं आणि डोस राहून जातो. नऊ महिन्यांच्या आतलं लेकरू तर आजूबाजूच्यांनी लस घेतली तरच गोवरापासून वाचतं.

कोयत्यावर जाताना बाळाचं लसीकरण कार्ड सोबत न्यावं. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही लस मोफत मिळते. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबावं. जास्त त्रास झाला तर आशाताई किंवा नर्सताईला सांगून नोंद करून घ्यावी.