‘आग्नेय आशिया’ : एका संज्ञेचा इतिहास

‘आग्नेय आशिया’ हे नाव तेथील लोकांनी स्वतःस दिलेले नव्हे. भारतीयांची सुवर्णभूमी आणि चिन्यांचे नानयांग, म्हणजे दक्षिण समुद्र, हीदेखील बाहेरच्यांचीच नावे होत. प्रचलित संज्ञा रूढ होण्यास भूगोलापेक्षा युद्धनीती अधिक कारणीभूत झाली. १९४३ साली दोस्त राष्ट्रांनी माउंटबॅटन यांच्या आधिपत्याखाली या नावाचा लष्करी विभाग स्थापिला. त्यात सिलोन होते, फिलिपाईन्स मात्र नव्हते! भाषेच्या आधारे या प्रदेशाचे ऐक्य सिद्ध करू पाहणे व्यर्थ आहे. मलाय, ख्मेर आणि थाई या तीन भाषा तीन भिन्न कुळांतल्या. तथापि १९६७ मध्ये बँकॉक येथे पाच राष्ट्रांनी ‘आसियान’ संघटना स्थापिली, तेव्हा हे परकीय नाव त्यांनी आपण होऊन पत्करले. त्या पाचांत फिलिपाईन्स होते. २०२५ मध्ये पूर्व तिमोर हे अकरावे सदस्य झाले. पूर्वीचे सिलोन आज दक्षिण आशियात गणले जाते.