इमारतींच्या त्रिमितीय आराखड्यांची देवाणघेवाण : आकारासोबत माहितीही पोहोचणे आवश्यक

वर्धा, प्रतिनिधी - पाणीपुरवठा, सांडपाणी, वीज, वातानुकूलन, अग्निशमन आणि रुग्णालय असल्यास प्राणवायूच्या नळ्या, अशा अनेक सेवा यंत्रणा आधुनिक इमारतीत असतात. त्यांचे त्रिमितीय आराखडे आता संगणकावर तयार होतात. मात्र वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि सेवा यंत्रणांचे सल्लागार बहुधा वेगवेगळ्या संगणक प्रणाली वापरतात. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांमुळे वर्धा जिल्ह्यात मोठी रुग्णालये आहेत. अशा इमारती बांधणाऱ्या व सांभाळणाऱ्या संस्थांनी, तसेच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी, एका प्रणालीतील आराखडा दुसरीत नेताना काय टिकते आणि काय गळते हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

अडचण कोठे येते?

सेवा यंत्रणांच्या आराखड्यातील नळी ही केवळ रेषा नसते. तिचा व्यास, साहित्य, उतार, त्यातून वाहणारा प्रवाह आणि ती कोणत्या पंपाला वा व्हॉल्व्हला जोडलेली आहे, ही माहिती तिच्यासोबत साठवलेली असते. ऑटोकॅडसोबत १९८२ साली आलेल्या डीएक्सएफ स्वरूपातून आकृत्यांची देवाणघेवाण शक्य झाली. परंतु ते स्वरूप मुख्यतः आकृतीचे आहे. त्यातून नळी पडद्यावर दिसते, पण ती 'नळी' आहे याची जाण नव्या प्रणालीला राहत नाही.

सर्वाधिक हानी जोडण्यांची होते. दोन नळ्या पडद्यावर एकमेकींना टेकलेल्या दिसल्या तरी त्यांच्यातील तार्किक दुवा तुटलेला असू शकतो. मग दाब व प्रवाहाचे गणित नव्या प्रणालीत करता येत नाही. नव्या प्रणालीला न ओळखता आलेले घटक 'प्रॉक्सी' या सर्वसाधारण वर्गात जमा होतात आणि व्हॉल्व्हची यादी मागितल्यास त्यात येत नाहीत.

एक साधे उदाहरण पाहू. वातानुकूलनाच्या थंड पाण्याची बाहेरून १०० मिलिमीटर व्यासाची नळी आहे. तिच्यावर २५ मिलिमीटर जाडीचे उष्णतारोधक आवरण असल्यास ती प्रत्यक्षात १५० मिलिमीटर जागा व्यापते. स्थलांतरात आवरणाची माहिती गळाली, तर तुळई आणि नळी यांच्यातील अंतर संगणक २५ मिलिमीटरने जास्त दाखवील. 'कोठेही टक्कर नाही' असा अहवाल मिळेल आणि चूक प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी उघडकीस येईल. मोजमापाचे एकक किंवा आरंभबिंदू वेगळा असल्यास संपूर्ण यंत्रणाच इमारतीबाहेर जाऊन पडते. ही चूक निदान लगेच दिसते. आवरणासारखी चूक दिसत नाही, म्हणून ती अधिक महागात पडते.

सामाईक स्वरूप

यावर उपाय म्हणून आयएफसी हे खुले स्वरूप विकसित झाले. बिल्डिंगस्मार्ट ही आंतरराष्ट्रीय संस्था त्याची देखभाल करते. २०१३ मध्ये त्याला आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. २०२४ च्या सुधारित मानकात रस्ते, पूल व रेल्वे यांचाही समावेश झाला. या स्वरूपात प्रत्येक घटकाला २२ अक्षरांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि नळ्यांच्या जोडण्या नोंदविण्याचीही सोय आहे. मात्र सोय असणे आणि पाठविणाऱ्याने ती वापरणे या भिन्न गोष्टी होत. शिवाय आयएफसी फाइल मुख्यतः पाहणे, तपासणे व जुळविणे यांसाठी उपयुक्त आहे. ती उघडून मूळ आराखड्याप्रमाणे त्यात बदल करता येतील, अशी अपेक्षा बाळगल्यास निराशा पदरी येते.

एकाच कंपनीची प्रणाली सर्वांनी वापरली तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

भुर्दंड कोणाला?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, प्रणालींच्या अशा विसंगतीमुळे त्या देशातील बांधकाम क्षेत्राला २००२ या एका वर्षात सुमारे १५.८ अब्ज डॉलरचा भार सोसावा लागला. त्यातील सुमारे दोनतृतीयांश वाटा इमारतींचे मालक व चालक यांच्यावर पडला. सल्लागार काम संपवून जातात. दहा वर्षांनी कोणता व्हॉल्व्ह बंद केल्यास कोणत्या कक्षाचा पुरवठा खंडित होईल, हा प्रश्न संस्थेच्या देखभाल विभागापुढे उभा राहतो.

नागपूरचे उदाहरण

वर्ध्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपूरच्या मेट्रो प्रकल्पात महामेट्रोने 'पंचमितीय' पद्धती स्वीकारली. त्रिमितीय आराखड्याला वेळापत्रक व खर्च यांची जोड, असा तिचा अर्थ. त्यासाठी बेंटली, प्रायमाव्हेरा, आरआयबी आणि एसएपी अशा निरनिराळ्या प्रणाली एकत्र गुंफण्यात आल्या. मार्च २०१९ मध्ये पहिली सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले. अशा पद्धतीत आराखड्यातील घटक, वेळापत्रकातील काम आणि खर्चातील नोंद ही एकाच ओळखीने बांधलेली असावी लागतात. ती ओळख तुटली, तर चित्र उत्तम दिसूनही हिशेब जुळत नाही.

कोणती दक्षता घ्यावी?

काम सुरू होण्यापूर्वीच आयएफसीची आवृत्ती, मोजमापाचे एकक, आरंभबिंदू आणि मजल्यांची नावे सर्वांनी लेखी ठरवावीत. एक पंप, काही नळ्या आणि दोन-तीन व्हॉल्व्ह एवढाच नमुना आधी पाठवून पाहावा. पाठविण्यापूर्वी व पोहोचल्यावर घटकांची संख्या मोजावी, निवडक नळ्यांचा व्यास, आवरण व जोडण्या ताडून पाहाव्यात. आढळलेली चूक मिळालेल्या फाइलमध्ये परस्पर न सुधारता मूळ आराखडा करणाऱ्याकडे कळवावी. त्यासाठी बीसीएफ हे स्वतंत्र खुले स्वरूप उपलब्ध आहे.

इमारत ताब्यात घेताना संस्थेने मूळ फाइल, आयएफसी फाइल, पीडीएफ नकाशे आणि यंत्रसामग्रीची यादी ही चारही मागून घ्यावीत व तशी अट निविदेतच घालावी. इमारतीचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरले, तर आजची संगणक प्रणाली तोवर टिकेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही.